एक चोक काढा, दुसऱ्याला हात लावू नका

धागा. आज गड-किल्ले नाहीत, लढाया नाहीत. विषय आहे मोटारशर्यतीच्या नियमपुस्तकातील एक कलम आणि त्यात दडलेला पाऊणशे वर्षांचा इतिहास. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

फॉर्म्युला फोर्ड या हौशी आणि नवोदित चालकांच्या शर्यतप्रकाराच्या नियमांत कार्बोरेटरविषयी एक आटोपशीर कलम आहे. त्यातील एका वाक्याचा आशय असा, की थंड इंजिन सुरू करण्यासाठी बसवलेली यंत्रणा, म्हणजे आपण ज्याला चोक म्हणतो ती, काढून टाकण्यास हरकत नाही. दुसऱ्या वाक्याचा आशय असा, की चोक मूळ मापाचाच राहील. त्याला पॉलिश करणे अथवा त्याचा आकार बदलणे चालणार नाही. प्रथम वाचणारा बुचकळ्यात पडतो. जी वस्तू उखडून फेकण्याची मुभा आहे, तिलाच घासण्याची मनाई कशी?

उत्तर सोपे आहे: शब्द एक, वस्तू दोन. परंतु एका वस्तूला मोकळीक आणि दुसरीवर पहारा का, हे समजण्यासाठी हौशी शर्यतींत पैशाने काय काय केले, ते पाहावे लागते.

आधी आपल्या ओळखीचा चोक घेऊ. ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती किंवा जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० होती, त्यांना डॅशबोर्डखालची ओढायची मूठ आठवत असेल. थंडीच्या सकाळी ती ओढायची, इंजिन धडधडू लागले की हळूहळू आत सारायची. चेतक स्कूटर चोक देऊनही सुरू झाली नाही, तर ती एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारण्याचा विधी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी केलेला आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ नियम आले आणि दुचाकींतूनही कार्बोरेटर हद्दपार होत गेला. त्यामुळे आजच्या विशीतल्या वाचकाला चोक हा शब्द तुंबलेल्या मोरीवरूनच अधिक परिचित असावा. अर्थ मात्र दोन्हीकडे तोच आहे: घसा दाबणे, वाट अडवणे.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचे थेंब इनटेक मॅनिफोल्डच्या गार भिंतींना चिकटतात आणि सिलिंडरपर्यंत पोहोचते ती जवळजवळ नुसती हवा. एरवी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. थंड इंजिनाला तेवढ्याने भागत नाही, पेट्रोल पुष्कळ जास्त लागते. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी एक पातळ झडप बसवली. ती मिटली की हवेची वाट अडते. इंजिन तर ओढतच असते. आतला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल अधिक जोराने बाहेर पडते. इंजिन तापले की झडप उघडून हवेच्या प्रवाहात कडेवर उभी राहते आणि पुढच्या सकाळपर्यंत तिला काही काम उरत नाही.

आता दुसरा चोक. कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग मुद्दाम अरुंद केलेला असतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे पेट्रोल वर खेचले जाते. या तत्त्वाला ज्याचे नाव मिळाले तो जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) हा इटालियन पदार्थवैज्ञानिक. त्याचा द्रवप्रवाहांवरील ग्रंथ १७९७ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की लिओनार्दो दा विंचीच्या हस्तलिखितांतील विज्ञानाकडे विद्वानांचे लक्ष वेधणारा त्याचा निबंधही त्याच वर्षीचा. अरुंद गळ्याच्या नळीला व्हेंचुरीचे नाव रूढ केले ते क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने, १८८०च्या दशकात, पाण्याचा प्रवाह मोजण्याच्या उपकरणासाठी. पुढे १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी पेट्रोलची धार हवेच्या झोतात फवारणारे कार्बोरेटर पुढे आणले. त्यापूर्वीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेने भारायची, असा संथ कारभार होता.

या अरुंद गळ्यालाही ब्रिटिश अभियंते चोक म्हणत आले. अमेरिकेत मात्र गळा तो व्हेंचुरी आणि झडप तेवढी चोक. म्हणून ब्रिटिश पुस्तकात ‘ट्विन-चोक कार्बोरेटर’ असे आढळले, तर त्यात दोन झडपा शोधू नयेत. दोन गळे, दोन नळ्या असा त्याचा अर्थ. अमेरिकन त्यालाच टू-बॅरल म्हणतो. आपण शब्द घेतला इंग्रजांकडून, पण घेतला तो डॅशबोर्डवरच्या मुठीपुरता.

तेव्हा नियमाचा खरा अर्थ असा: झडप काढा, गळ्याला हात लावू नका.

आता हा भेद का करावा लागला, त्याची कथा. तिची सुरुवात युद्धोत्तर इटलीत होते. १९५८च्या सुमारास काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या पुढाकाराने फॉर्म्युला ज्युनियर हा शर्यतप्रकार उभा राहिला. कल्पना अशी, की बाजारात मिळणाऱ्या साध्या मोटारीचे इंजिन वापरून तरुणांना स्वस्तात एकआसनी शर्यतगाडी चालवता यावी. आरंभी आघाडीवर होत्या स्टँग्वेलिनीच्या गाड्या, आणि त्यांत इंजिन होते फियाट ११००चे, १०८९ सीसीचे. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, त्याच फियाट ११००च्या घराण्यातली. तिचे इंजिनही १०८९ सीसीचे. दादरच्या सिग्नलला गुरगुरणाऱ्या त्या गाडीचे चुलतभाऊ एकेकाळी इटलीत शर्यती जिंकत होते.

परंतु स्वस्त शर्यतीचे स्वप्न फार टिकले नाही. १९६० साली लोटस १८ आली. तिच्या मागल्या बाजूला कॉसवर्थने तयार केलेले फोर्ड अँग्लियाचे इंजिन होते आणि चालकांत जिम क्लार्क होता. बाजारातले इंजिन हा नियम कागदावर पाळला गेला, पण त्या इंजिनावर तज्ज्ञांकडून करवून घेतलेल्या कामाचे बिल इंजिनापेक्षा मोठे होऊ लागले. १९६३ अखेर फॉर्म्युला ज्युनियर संपला. नियम मोडून नव्हे, नियमांनी मोकळ्या ठेवलेल्या जागेत पैसा ओतून तो हौशी माणसाच्या हातून गेला. पुढच्या नियमकर्त्यांनी यातून जो धडा घेतला, तो आपल्या कलमात उतरला आहे असे मला वाटते.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळी वाट चोखाळली जात होती. फ्लोरिडातील फोक्सवॅगन विक्रेता ह्यूबर्ट ब्रंडेज याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील नार्दीकडून बीटलच्या सुट्या भागांवर आधारलेली छोटी शर्यतगाडी बनवून घेतली. त्यातून फॉर्म्युला व्ही जन्मला आणि १९६३ साली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने त्याला मान्यता दिली. १२०० सीसीचे इंजिन, एकच छोटा सोलेक्स कार्बोरेटर, आणि कोणताही भाग बदलण्यावर कडक बंधने. सर्वांची गाडी सारखीच संथ असेल तर जिंकेल तो चालक, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

ब्रिटनमध्ये हे तर्कशास्त्र ब्रँड्स हॅच येथे रुजले. ट्रॅकचे व्यवस्थापक जॉन वेब आणि तेथील चालक-प्रशिक्षण शाळेचे जेफ क्लार्क यांच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता: शिकाऊ चालकांच्या हाती खास शर्यतीची नाजूक इंजिने देणे परवडत नव्हते. त्याऐवजी फोर्ड कॉर्टिना जीटीचे रस्त्यावरचे इंजिन आणि साधे रस्त्यावरचे टायर वापरावेत, असे ठरले. फोर्ड कंपनीने साथ दिली. गाडीची किंमत १००० पौंडांच्या आत ठेवण्याची अट आली. पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी झाली आणि लोटस ५१ चालवणाऱ्या रे ॲलनने ती जिंकली. दोनच वर्षांनी ब्राझीलहून आलेला एमर्सन फिटिपाल्डी याच शर्यतप्रकारातून झपाट्याने वर गेला आणि १९७२ साली जगज्जेता झाला. आयर्टन सेनाने इंग्लंडमधील आपली पहिली शर्यत १९८१ साली फॉर्म्युला फोर्डमध्येच धावली. एवढे नामवंत सांगून पुढे जातो, कारण आपले लक्ष त्यांच्या पाठीमागच्या कार्बोरेटरवर आहे.

लवकरच १६०० सीसीचे केंट इंजिन रूढ झाले आणि त्यावर वेबरचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर आला: आधी ३२ डीएफएम, नंतर ३२/३६ डीजीव्ही. यातील ३२ आणि ३६ हे आकडे खालच्या थ्रॉटलच्या नळ्यांचे व्यास आहेत, मिलिमीटरमध्ये. पण हवेचे भवितव्य ठरते ते वरच्या गळ्यांत, आणि ते आहेत २६ व २७ मिलिमीटरचे. हाच तो दुसरा चोक, ज्याला हात लावायचा नाही.

हिशेब करून पाहा. २६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५३१ चौरस मिलिमीटर. २७चे सुमारे ५७३. दोन्ही मिळून ११०४. आता कोणी रात्री गॅरेजमध्ये बसून बारीक पॉलिश कागदाने दोन्ही गळे फक्त अर्ध्या मिलिमीटरने रुंद केले, तर एकूण क्षेत्रफळ जवळजवळ चार टक्क्यांनी वाढते. हवा नेमकी त्याच प्रमाणात वाढेल असे नाही. परंतु ज्या शर्यतीत पहिल्या पाच गाड्या एकमेकींच्या चाकाला चाक लावून शेवटची फेरी पुरी करतात, तिथे वरच्या वेगात मिळालेली दोन-चार टक्के हवाही निकाल फिरवू शकते. आणि अर्धा मिलिमीटर नजरेला दिसत नाही. म्हणूनच तपासनीस अशा मापांसाठी गेज वापरतात: ठरलेल्या मापापेक्षा किंचित जाड दंडगोल गळ्यात गेला नाही तर गाडी पास, गेला तर नापास. वाद घालायला जागाच नाही.

मग झडपेला मोकळीक का? कारण तिच्या जाण्याने मिळणारा लाभ फार लहान आहे आणि तो सर्वांना एका स्क्रूड्रायव्हरच्या किमतीत मिळतो. उघडी झडप आणि तिचा दांडा हवेला थोडा अडथळा करतात, हे खरे; पण खाली गळा २६–२७ मिलिमीटरचाच असल्याने वाट फारशी रुंदावत नाही. उलट झडप ठेवण्यात धोका आहे. सततच्या कंपनाने तिचे बारीक स्क्रू सैल होतात. एखादा सुटला तर थेट इंजिनात जातो आणि महिन्याभराची बचत पिस्टनसकट संपते. ऐन वळणावर झडप आपोआप अर्धी मिटली, तर मिश्रण एकाएकी घट्ट होऊन गाडी धापा टाकू लागते. महाग नाही, फायदा क्षुल्लक आणि विश्वासार्हता वाढते. अशा बदलाला नकार देण्यात नियमकर्त्याला काही मिळत नाही.

काढण्याचे काम मात्र वाटते तितके निष्पाप नाही. झडपेचा दांडा काढला की त्याच्या जागी दोन भोके उरतात. ती एअर फिल्टरच्या खालच्या बाजूस असल्याने तिथून धूळ सरळ आत शिरते. काही वेबरांत चोक इंजिन सुरू होताच किंचित उघडावा म्हणून पडद्याची एक छोटी यंत्रणा असते आणि तिला थ्रॉटलखालच्या कमी दाबाची नळी जोडलेली असते. ती बुजवली नाही तर तिथून जादा हवा आत येते, मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण वेगात धावणारे इंजिन भयंकर तापते. शिवाय चोक ओढल्यावर इंजिनाचा वेग थोडा वाढावा यासाठी झडपेपासून थ्रॉटलपर्यंत एक दुवा असतो. तो अर्धवट काढून लोंबता ठेवला तर थ्रॉटल अडकू शकतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलूनही वेग कमी न होणारी गाडी ही कल्पना ज्याला करता येते, त्याला या छोट्या दुव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सकाळी गाडी सुरू करण्याचा प्रश्न उरतोच. तो ॲक्सिलरेटर दोन-चारदा दाबून, म्हणजे पंपाने पेट्रोलची पिचकारी मारून सोडवतात.

आणि इथे अन्वयाचा प्रश्न उभा राहतो, जो इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार जवळचा वाटावा. काढण्याची परवानगी आहे. पण उरलेली भोके बुजवण्याची? बुजवून तो भाग घासून सपाट करण्याची? आणि सपाट करता करता गळ्याच्या वरचा काठही जरा गुळगुळीत झाला तर? हौशी शर्यतींच्या कठोर नियमपुस्तकांचे मूळ सूत्र असे असते, की ज्याची परवानगी लिहिलेली नाही ते निषिद्ध. कायद्याच्या नेहमीच्या तत्त्वाच्या हे नेमके उलट. न्यायालयात मनाई दाखवावी लागते. तपासनीसापुढे परवानगी दाखवावी लागते. त्यामुळे ‘काढता येईल’ या दोन शब्दांत ‘बुजवता येईल’ बसते की नाही, यावर माणसे पोटतिडकीने भांडू शकतात. माझे मत विचाराल, तर भोक बुजवणे हे काढण्याचेच शेवटचे पाऊल आहे. काठ गुळगुळीत करणे ही चोरी आहे, मग ती कितीही सुबक असो.

शब्दयोजनेकडेही पाहा. कलमात झडपेसाठी चोक हा शब्द न वापरता थंड अवस्थेत सुरू करण्याची यंत्रणा असा लांबलचक प्रयोग केलेला असतो. लेखकाला दोन चोकांचा घोळ ठाऊक होता, हे यावरून दिसते. शिवाय सर्व कार्बोरेटरांत झडप नसतेच. एमजी आणि मिनी यांच्यावर असणाऱ्या ब्रिटिश एसयू कार्बोरेटरात चोकची मूठ ओढली की जेट खाली सरकतो आणि सुईभोवतीची फट वाढून पेट्रोल जास्त येते. हवेच्या वाटेत काहीच आडवे येत नाही. तेथे चोक कशाचाही घसा दाबत नाही, तरीही नाव चोकच.

नियमपुस्तक हे इतिहासाचे साधन म्हणून वाचण्याची एक युक्ती आहे, आणि ती आपल्याकडील कागदपत्रांवरही चालते. पेशवे दफ्तरातील ताकीदपत्रे वाचताना आपण काय करतो? एखाद्या गोष्टीची पुनःपुन्हा ताकीद दिली जात असेल, तर ती गोष्ट सर्रास चालू होती असे समजतो. न घडणाऱ्या गोष्टीला कोणी मनाई करत नाही. ‘पॉलिश करू नये, आकार बदलू नये’ हे शब्द कोणीतरी पॉलिश केल्याशिवाय आणि आकार बदलल्याशिवाय छापले जात नाहीत. त्या माणसाचे नाव विजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही. त्याच्या कारागिरीची नोंद निषेधाच्या रूपाने उरली आहे.

इतका बंदोबस्त करूनही पैशाला एक फट सापडलीच. ओतीव भाग कितीही काळजीने बनवले तरी दोन नग तंतोतंत सारखे नसतात. मूळ मापाचा म्हणवणारा गळाही एखाद्या नगात शतांश मिलिमीटरने उजवा निघतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो दहा कार्बोरेटर विकत घेतो, फ्लो-बेंचवर मोजतो, उत्तम एक ठेवतो आणि बाकीचे नऊ विकतो. यात नियमाचे उल्लंघन कुठेही नाही. ज्याने पगारातून वाचवून एकच कार्बोरेटर घेतला आहे, त्याच्या वाट्याला मात्र दैवाने जो दिला तो. गेज चोरी पकडतो. निवड पकडत नाही.

कार्बोरेटरचे युग सरले तेव्हा या कलमाचे काय झाले, हे सांगून धागा आवरतो. १९९३ साली ब्रिटनमध्ये फॉर्म्युला फोर्डसाठी इंधन-इंजेक्शनचे १८०० सीसी झेटेक इंजिन आले. तेथे काढायला झडपच नव्हती. अमेरिकेत केंट इंजिन आपल्या वेबरसह टिकून राहिले, पण त्याचे सुटे भाग दुर्मीळ आणि महाग होत गेले. अखेर २०१०च्या सुमारास स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने त्याच्या जोडीला होंडा फिटचे इंजिन मान्य केले. तीच गाडी आपल्याकडे जॅझ या नावाने विकली जात होती. हे इंजिन इंजेक्शनचे. केंटपेक्षा ते जोरकस ठरू नये म्हणून नियमकर्त्यांनी त्याच्या हवेच्या वाटेत ठरलेल्या मापाचे भोक असलेली एक चकती बसवणे सक्तीचे केले. कार्बोरेटर गेला, झडप गेली. अरुंद गळा तेवढा मुद्दाम पुन्हा घडवून बसवण्यात आला.